मांजर नव्या घरी आणताय? आधी एक खोली द्या

"कुत्रं माणसाचं, मांजर घराचं," असं आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत म्हातारी माणसं अजून म्हणतात. मांजर माणसाला जीव लावत नाही असा त्याचा अर्थ कुणी काढू नये, पण त्यातली जागेची गोष्ट मात्र खरी आहे. कुठल्या कोपऱ्यात सकाळचं ऊन येतं, कुठल्या फटीतून निसटता येतं, कुठल्या दाराच्या चौकटीला आपल्या गालाचा वास आहे, या माहितीवर मांजर निर्धास्त राहतं. आपण त्याला बुट्टीत घालून नव्या घरी आणतो आणि ही सगळी माहिती एका तासात निरुपयोगी होते. आपल्याला वाटतं, आपण त्याला घर दिलं. त्याच्या दृष्टीनं त्याचं घर गेलेलं असतं.

आमच्याकडे पहिल्यांदा मांजर आणलं तेव्हा हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आल्या आल्या त्याला घरभर मोकळं सोडलं, शेजारपाजारची मुलं बघायला जमली, प्रत्येकानं उचलून घेतलं. रात्री ते पोटमाळ्यावर चढलं आणि कौलांच्या फटीतून गेलं ते कायमचं. त्याची रुखरुख मला आजही आहे. दुसऱ्या खेपेला कागलजवळच्या एका मळ्यावरून चिंगी आली. तिच्या वेळी आम्ही सगळं सावकाश केलं. पुढं लिहिलंय ते तिच्याकडून, जनावरांच्या डॉक्टरांकडून आणि नंतर ओळखीच्या बऱ्याच घरांत मांजरं रुळवताना शिकलेलं आहे.

कधी आणायचं

घरात दोन-तीन दिवस कुणीतरी निवांत असेल असे दिवस निवडा. गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळी टाळाच. माणसाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६०,०००च्या पुढचाही येतो. मिरवणुकीतल्या साउंड सिस्टिमनं आपल्या खिडक्यांची तावदानं थरथरतात, तर नव्या जागी आधीच धास्तावलेल्या जिवाचं काय होत असेल? फ्लॅट नवीन असेल तर वास्तुशांत होऊ द्या, पाहुणे जाऊ द्या, रंगाचा वास ओसरू द्या, मग मांजर आणा. होमाच्या धुरात आणि पन्नास माणसांच्या पंगतीत आणलेलं मांजर पहिल्याच दिवशी दार गाठतं.

पिल्लू आणत असाल तर ते किमान ८ आठवड्यांचं असू द्या, १२ आठवड्यांचं असेल तर आणखी चांगलं. आईजवळ आणि भावंडांत राहिलेलं पिल्लू चावणं-ओरबाडणं आवरायला तिथंच शिकतं. "डोळे उघडले, आता न्या की," असं देणारा म्हणाला तरी थांबा.

खोली कशी लावायची

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि ते मांजर यायच्या आधी करायचं. घरातली एक खोली पहिल्या आठवड्यापुरती मांजराची करा. जिथून सारखी ये-जा नाही, जिथं मिक्सर आणि टीव्ही नाही, अशी. पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र खोली कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे. तिथं आतल्या खोलीतला एक कोपरा कॉटला चादर लावून आडोशाचा करा. तेवढंही पुरतं, कारण नव्या जागी मांजराला मोकळी जागा नको असते, लपायला जागा हवी असते.

त्यासाठी जाड पुठ्ठ्याचं खोकं घ्या, एका बाजूला मांजर जाईल एवढं दार कापा, आत जुनी सुती साडी किंवा चादर घाला. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एका निवाऱ्यात नव्यानं आलेल्या १९ मांजरांवर हेच तपासलं होतं. १० मांजरांना खोकी दिली, ९ मांजरांना दिली नाहीत. खोकं मिळालेली मांजरं तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बरीच निवळली होती, बाकीच्यांना जास्त दिवस लागले. रद्दीतलं खोकं हे काम करतं, महागडा बिछाना लागत नाही.

खोलीच्या एका टोकाला खाणं, त्यापासून थोडं लांब पाणी आणि दुसऱ्या टोकाला लिटर ट्रे, म्हणजे शी-शूसाठी वाळू किंवा भुसा घातलेलं भांडं, ठेवा. जेवणाशेजारी संडास आपल्याला चालत नाही, तसा मांजरालाही चालत नाही. वाट्या पसरट घ्या, खोल भांड्यात मिशा कडांना घासल्या की काही मांजरं अर्ध्यातच खाणं सोडतात.

मग गुडघ्यावर बसून खोली मांजराच्या उंचीवरून बघा. कपाटामागची फट, मोरीचं भोक, एसीच्या पाइपाशेजारची जागा, कौलारू घरात भिंत आणि कौलं यांच्यामधली पोकळी. जिथं डोकं जातं, तिथं मांजर बहुतेक वेळा अख्खं जातं. खिडकीला घट्ट जाळी हवी. मच्छरदाणीची पातळ जाळी नखांपुढं टिकत नाही.

काही वस्तू घरातून काढूनच टाका. कपड्यांतल्या डांबरगोळ्या आणि फरशीचं काळं फिनेल दोन्ही मांजराला विषारी असतात. मांजराचं यकृत फिनेलातली फिनॉलसारखी द्रव्यं आपल्यासारखी निकामी करू शकत नाही. फिनेलनं पुसलेल्या फरशीवरून ते चालतं, मग पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. लिलीची फुलं घरात आणूच नका. पानं, पाकळ्या, परागकण, फुलदाणीतलं पाणी, यातलं काहीही पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सुई-दोरा आणि रबर बँड डब्यात बंद ठेवा. गिळलेला दोरा आतड्यात अडकतो. आणि मांजर आजारी दिसलं म्हणून कुणीही घरातली पॅरासिटॅमॉल देऊ नये. एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

आणताना

गावाकडून मांजर पोत्यात घालून आणायची पद्धत आहे. वाट दिसली नाही की ते परत जात नाही, अशी समजूत. पोत्यात हवा कमी मिळते, अंग तापतं, भीतीनं मांजर स्वतःला जखमी करून घेतं, आणि परत जाणारं मांजर तरीही जातं. प्लॅस्टिकचा कॅरियर सगळ्यात चांगला. नसेल तर झाकणाची वेताची बुट्टी घ्या, झाकण दोरीनं पक्कं बांधा आणि वरून पातळ सुती कापड टाका. अंधार झाला की मांजर शांत बसतं. दुचाकीवर मांडीत धरून मात्र कधीच आणू नका. एक कर्कश हॉर्न वाजला आणि हातातून सुटलं, तर भर रस्त्यात ते पुन्हा हाताला लागत नाही. निघायच्या आधी तीन-चार तास खायला न दिलेलं बरं, वाटेत उलटी होत नाही.

जुन्या जागेवरून दोन गोष्टी मागून घ्या: ते ज्यावर झोपायचं ते न धुतलेलं फडकं, आणि ते जिथं शी-शू करायचं तिथली मूठभर माती. फडकं खोक्यात घाला, माती नव्या ट्रेमध्ये मिसळा. चिंगीबरोबर आम्ही मळ्यावरचं एक फाटकं गोणपाट आणलं होतं. आईला ते दिवाणाखाली बघवत नव्हतं, पण दोन महिने आम्ही ते हलवलं नाही.

पहिली रात्र आणि त्यानंतरचे दिवस

खोलीत जा, दार लावा, कॅरियरचं तोंड उघडा आणि बाजूला व्हा. हात घालून ओढू नका. ते दोन मिनिटांत बाहेर येईल, नाहीतर दोन तासांनी येईल. बाहेर आल्या आल्या बहुतेक मांजरं सगळ्यात अंधारी जागा गाठतात. गाठू द्या.

इथंच बहुतेक घरांत चूक होते. मांजर दिवाणाखाली बसलं की सगळं घर वाकून बघायला लागतं, कुणी काठीनं ढोसतं, कुणी ओढून मांडीवर घेतं. आमच्या आजीनं चिंगीच्या वेळी सगळ्यांना दटावलं होतं, "ती बसलीया तिथं, बसू दे की वाईच. तुमचं काय घेतलंय तिनं?" मला आजवर मिळालेल्या सल्ल्यांत हा सगळ्यात उत्तम.

तुम्ही करायचं ते एवढंच. दिवसातून तीन-चार वेळा त्या खोलीत जाऊन जमिनीवर बसा, दहा-पंधरा मिनिटं. मांजराकडे टक लावून बघू नका, त्यांच्या भाषेत तो दम असतो. पेपर हळू आवाजात वाचा, भाजी निवडा. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटा आणि सावकाश उघडा. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे मांजरांवर करून पाहिलं. माणसानं असे डोळे मिटले की मांजरंही तशीच डोळे मिटतात आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळ जायला जास्त तयार होतात.

चिंगी पाच दिवस दिवाणाखाली होती. खाणं रात्री आम्ही झोपल्यावर संपायचं. पाचव्या रात्री साडेअकराच्या सुमारास मी भिंतीला टेकून बसले होते. आधी मिशा दिसल्या, मग नाक. पोट जमिनीला टेकवत ती दोनेक फूट पुढं आली, फरशीच्या सांध्याचा वास घेतला आणि परत आत गेली. तिसऱ्या खेपेला ती दाराशी काढून ठेवलेल्या माझ्या कोल्हापुरी चपलेपर्यंत आली. चामड्याच्या पट्ट्याचा बराच वेळ वास घेतला, मग त्यावर डावा गाल घासला, मग उजवा. मी हललेसुद्धा नाही. मांजराच्या गालात गंधाच्या ग्रंथी असतात, आणि गाल घासणं म्हणजे "ही वस्तू माझ्या ओळखीची" असं लिहून ठेवणं. त्या रात्रीनंतर ती दिवसाही बाहेर यायला लागली.

सगळ्यांना पाच दिवस लागतील असं नाही. पिल्लू अर्ध्या दिवसात खेळायला लागतं. रस्त्यावर वाढलेलं, मार खाल्लेलं मोठं मांजर महिना घेतं. रात्री ओरडणंही चालतं चार दिवस. ओरडलं की दार उघडून उचलून घ्यायची सवय लावलीत, तर ते रोज ओरडेल. त्यापेक्षा झोपायच्या आधी दोरीला चिंधी बांधून दहा मिनिटं खेळवा, मग खायला द्या. दमून आणि पोटभर खाऊन मांजर झोपतं. खेळून झालं की ती दोरी मात्र उचलून ठेवा.

खाणं

जे तिकडे खात होतं, तेच पहिला आठवडा द्या, मग ते कितीही साधं असो. त्यानंतर नवं खाणं थोडं-थोडं मिसळत ७ ते १० दिवसांत बदला. जागा आणि अन्न एकदम बदललं की जुलाब ठरलेले.

आता दुधाबद्दल, कारण आपल्या कोल्हापुरात हे समजावणं सगळ्यात अवघड जातं. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन वाढलेली आपण माणसं. मांजराला वाटीभर दूध दिलं नाही तर आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं. पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. आधीच भेदरलेल्या मांजराचं पोट त्यानं बिघडतं. पाणी द्या. तांबडा-पांढरा रस्साही नको, रश्शात भिजवलेली भाकरीही नको. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवलेल्यानंसुद्धा.

मांजर मांसाहारीच आहे. त्याला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य त्याचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही, ते मांसातूनच यावं लागतं, नाहीतर डोळे आणि हृदय खराब होतं. शाकाहारी घरात मांजर पाळायचं असेल तर निदान मांजरांसाठीचं तयार खाद्य आणायची तयारी ठेवा. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं, हाडं काढलेलं चिकन आवडीनं खातात, पण रोज नुसतं तेच दिलं तर कॅल्शियम कमी पडतं. पहिल्या दिवसांत खात नसेल तर खाणं कोमट करा, वास सुटतो. वर चिमूटभर चुरलेली सुकट टाकून बघा. सुकट खारट असते, तेव्हा चिमूटभरच.

मोठ्या मांजरानं पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, दोन दिवस थांबू नका. उपाशी मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडतं. पिल्लाला तर अर्धा दिवसही खूप झाला.

लिटर ट्रे

ट्रे मोठा हवा, मांजराच्या लांबीच्या दीडपट. बांधकामाचं प्लॅस्टिकचं घमेलं स्वस्तात हे काम करतं. पिल्लासाठी कमी उंचीचं घ्या. आत बारीक वाळू, लाकडाचा भुसा किंवा विकतचं लिटर, तीन-चार बोटं जाड. ओलं झालं की गोळा होणारं लिटर लहान पिल्लांना नको, ती ते खातात. ट्रे रोज साफ करा. मांजरं दोन असतील तर ट्रे तीन.

बाहेर कुठं शू केलीच तर ओरडू नका, नाक घासू नका. साबणाच्या गरम पाण्यानं जागा नीट धुवा, वास राहिला तर ते पुन्हा तिथंच जाईल. घरात कुणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्यानं साफ करावा, आणि रोज करावा. मांजराच्या शीमधून येणारे, पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारे टॉक्सोप्लाझ्माचे जंतू बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गजन्य होतात, म्हणून रोजची सफाई उपयोगी पडते.

एक खूण कधीच दुर्लक्षू नका: बोका सारखा ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय आणि शू होत नाही. जागा बदलल्याच्या ताणानं मूत्राशयाला सूज येते, बोक्यांची वाट पूर्ण बंद होते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असली तरी डॉक्टर गाठा.

बाकीचं घर

खोलीत मांजर शेपूट वर करून फिरायला लागलं, तुमच्यासमोर खायला लागलं, की दार उघडा. रोज एकच नवी खोली, आणि आतल्या खोलीत परत पळायला वाट मोकळी. त्याआधी स्वच्छ सुती फडकं मांजराच्या गालांवरून फिरवा आणि तेच बाहेरच्या टेबलाच्या पायांना, दाराच्या चौकटींना त्याच्या उंचीवर पुसा. ते बाहेर येतं तेव्हा स्वतःचा वास आधीच तिथं असतो. ही छोटी युक्ती आहे, पण तिचा उपयोग मी अनेक घरांत पाहिलाय.

घरात आधीचं मांजर असेल तर घाई करूच नका. आधी दोघांची फडकी बदला, मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना खायला घाला, मग जाळीतून दिसू द्या, आणि फिस्कारणं थांबल्यावरच एकत्र आणा. याला दोन आठवडे लागतील, कदाचित दोन महिने. कुत्रा असेल तर तो साखळीत आणि मांजराला उंचावर चढायला जागा. कुत्र्यासाठीचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला घातक असतं.

मुलांना एकच नियम द्या: मांजराकडे आपण जायचं नाही, ते आपल्याकडे येईल.

डॉक्टरांकडे पहिल्या आठवड्यात एकदा दाखवून जंताचं औषध आणि लसींचं वेळापत्रक घ्या. पिल्लाच्या लसी ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात, १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी असतात, आणि रेबीजची लस १२ आठवड्यांच्या आसपास देतात. तुमच्याकडे आधीचं पिल्लू उलट्या-जुलाबाच्या पॅनल्युकोपेनियानं गेलं असेल तर डॉक्टरांना ते जरूर सांगा. तो विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो, तिथं लस न झालेलं पिल्लू आणू नये. मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा.

पहिल्या आठवड्यात "आम्हाला जमणार नाही" असं वाटलं तर थोडं थांबा, कारण तेच दिवस सगळ्यात अवघड असतात. नाहीच जमलं तर ज्यांच्याकडून आणलं त्यांना परत द्या. मंडईत किंवा रंकाळ्यावर सोडून येऊ नका. पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि ते मांजर तिथं जगत नाही.

दाराबाहेर

तीन-चार आठवडे तरी बाहेर सोडू नका, नसबंदी झाल्याशिवाय तर नकोच. शहरातल्या शहरात घर बदललं असेल, मंगळवार पेठेतून साने गुरुजी वसाहतीत वगैरे, तर मांजर जुन्या घराकडे निघण्याची शक्यता असते. जुन्या शेजाऱ्यांना तुमचा नंबर देऊन ठेवा, आणि ते आलं तर खायला घालू नका, फक्त कळवा, असं सांगा.

हरवलंच तर लांब धावू नका. हरवून सापडलेल्या मांजरांच्या २०१८ मधल्या एका मोठ्या पाहणीत तीन चतुर्थांश मांजरं ५०० मीटरच्या आतच सापडली होती. घाबरलेलं मांजर हाक ऐकूनही ओ देत नाही, म्हणून नुसत्या हाका मारत फिरण्यापेक्षा प्रत्येक जिन्याखाली, टाकीमागे, गाडीखाली वाकून बघा. रात्री बॅटरी घेऊन जा, डोळे चमकतात.

चिंगी एका पावसाळ्यात तीन दिवस दिसली नाही. आम्ही सगळी पेठ पालथी घातली. ती होती चार घरं सोडून, परसातल्या बंबाच्या लाकडांच्या ढिगामागे, भिजलेली. दिवसभरात आम्ही तिथून निदान दहा वेळा गेलो असू. रात्री एकला गल्ली पूर्ण शांत झाल्यावर, वाटीत सुकट घेऊन मी ढिगासमोर खाली बसले, तेव्हा ती बाहेर आली. घरी आणून पुसून काढलं आणि पुन्हा त्याच खोलीत, दार लावून, दिवाणाखाली दोन दिवस बसू दिलं.